आरसे उघडे ठेवावेत

११ ऑक्टोबर १८९७, सोमवार

पिस्टर माझं नाव सुचवायला तयार झाला आहे. पुढल्या दोन महिन्यांत जे घडेल ते लिहून ठेवण्याजोगं असेल, म्हणून आजपासून लिहितो.

हार्मोनी क्लबला साठ वर्षं झाली. इतक्या वर्षांत आम्हा यहुद्यांतला एकच माणूस आत गेला आहे, कोळसा पोचवणारा लोएब, आणि तो मागच्या जिन्यानं जातो. समोरच्या जिन्यावर लाल गालिचा आहे. वर न्यायाधीश, लष्करी अधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचतात, पत्ते खेळतात आणि अगदी सामान्य प्रतीची वाइन पितात. नवा सभासद घ्यायचा तर प्रत्येकानं पेटीत गोळी टाकायची. पांढरी म्हणजे हो. तीन काळ्या पडल्या की माणूस बाद.

पिस्टर औषधांचं दुकान चालवतो. बुद्धीनं बेताचा, पण वरच्या मजल्यावर त्याची खुर्ची आहे. आज म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही तर आमच्याहूनही जास्त जर्मन. तीच जरा अडचण आहे."

शेवटचं वाक्य बियरमुळे आलं असावं.

मतदान डिसेंबरात. क्लोटिल्डेनं दिवाणखान्याचे पडदे बदलायला काढले. माझी पत्नी फ्रांकफुर्टची. तिला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

१३ ऑक्टोबर

गुरांचा बाजार. बुधवारी मी पुलावरून जात नाही. आज न्यायाधीश फॉन टान्नेक बरोबर होते, ते पुलाकडे वळले, मग मलाही वळावं लागलं. ते हार्मोनीचे अध्यक्ष आहेत. माझ्याशी कोर्टाबाहेर बोलण्याची त्यांची ही दुसरी वेळ.

पुलाच्या मध्यावर बाबा. निळा डगला, हातात काठी, दोन गाई, आणि बुटांना जे लागलेलं असतं ते लागलेलं. साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "आरन!"

गेली अठरा वर्षं माझं नाव अर्नोल्ड आहे. आरन फक्त आमच्या वाइलर्सबाख गावात उरला आहे, बाबांच्या आणि माझ्या बहिणीच्या, येटेच्या, तोंडात.

न्यायाधीशांनी हॅट उचलली. "काय फाइस्ट, गाई बारीक दिसतात यंदा."

"गाई बारीक नाहीत साहेब, गवत बारीक आहे."

न्यायाधीश मोठ्यानं हसले. अशा माणसांना हसावं, त्यांच्याबरोबर हसू नये. पण मोठ्या घराण्यातल्या लोकांना हे पथ्य पाळायची गरज वाटत नाही. मग ते माझ्याकडे वळले, "तुमची ओळख आहे ना?"

मी म्हटलं, "आमच्या गावाकडचे एक व्यापारी."

न्यायाधीश माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. बाबांनी टोपी काढली. "नमस्कार, वकीलसाहेब," म्हणाले, आणि गाय ओढत खाली उतरले.

बाबांनाही कधीकधी समज येते.

२४ ऑक्टोबर

नवे पडदे लागले. फिकट हिरवे. क्लोटिल्डेच्या मते गडद रंग पूर्वेकडच्या यहुद्यांना आवडतात.

३ नोव्हेंबर, बुधवार

बाबा गेले. काल पहाटे, गोठ्यात, गाईला पाणी दाखवताना. आज दफन झालं. आमच्यात घाई असते.

मी फुलांचं चक्र नेलं होतं, पांढऱ्या शेवंतीचं, रेशमी फितीसकट. येटेनं ते दफनभूमीच्या कुंपणाबाहेरच ठेवायला लावलं. "बकरी खाईल," म्हणाली. लाकडी फळ्यांची पेटी, तिला रंग नाही, पॉलिश नाही. भोवती बाबांचे जोडीदार, सगळे त्याच निळ्या डगल्यांच्या जातीचे. माझी उंच हॅट एकटीच.

मग कोट फाडायची वेळ आली. बाप गेला की मुलानं कोटाची छाती फाडायची असते, अगदी हृदयाच्या बाजूला. आमचे शाळामास्तरच तिथे पुजारी आणि सर्व काही. त्यांनी चाकू पुढं केला. माझा कोट म्युनिकच्या शिंप्यानं शिवलेला. मी हळूच म्हटलं, "अस्तर फाडा. बाहेरून दिसू नये."

मास्तर घुटमळले. येटे म्हणाली, "फाडा हो मास्तर त्याचं अस्तर. आत तरी काही फाटू दे."

बहिणीची भाषा कायम अशीच. चाळीशी उलटली, लग्न नाही, बाबांचं घर आणि गोठा सांभाळला. शेण उपसणाऱ्या बाईकडून आणखी कसली अपेक्षा करणार?

निघताना तिनं विचारलं, "सात दिवस बसशील ना?"

"सोमवारी कोर्टात तारीख आहे."

"तारीख बाबांचीही होती. ते गेले की नाही हजर राहायला?"

मी गाडीत बसलो. सात दिवस जमिनीलगत, बूट काढून, दाढी वाढवून, शेजाऱ्यांनी आणलेली उकडलेली अंडी खात. विसावं शतक तीन वर्षांवर आलं आहे.

४ नोव्हेंबर

सकाळी उठलो तर दाराजवळचा मोठा आरसा चादरीनं झाकलेला. दिवाणखान्यातलाही. घड्याळाचा लंबक थांबवलेला. मोलकरीण वाल्बुर्गा फरशी पुसत होती.

"हे कुणी केलं?"

"मी, साहेब. मयत झाली ना."

येटे दोन वर्षांपूर्वी आठवडाभर राहून गेली होती. तिनंच हे खूळ पोरीच्या डोक्यात भरलं असणार. कॅथलिक घरातली मुलगी, ऱ्योनच्या डोंगरातली, जेवणाआधी छातीवर क्रूस काढणारी, आणि माझ्या घरात यहुदी अंधश्रद्धा चालवते. मी तिला सांगितलं, या घरात यहुदी खुळं चालणार नाहीत, आरसे उघडे राहतील.

"पण साहेब, आमच्या गावाकडे पण—"

मी तिला थांबवलं. तिच्या गावाशी मला काय करायचंय?

चादरी मी स्वतः काढल्या. घड्याळ लावून घेतलं. आरशात बघून दाढी केली, नेहमीपेक्षा सावकाश.

दुपारी पिस्टर भेटून गेला. हळहळला, मग मुद्द्यावर आला. "लोक भेटायला येतील. काहीजण बघायलाच येतील. ते जमिनीवर बसणं, रडणं, वर-खाली डोलणं, असलं काही दिसता कामा नये."

मी म्हटलं, माझ्या घरात जमिनीवर फक्त गालिचा बसतो.

तो खूप हसला. हार्मोनीत ही कोटी सांगेन म्हणाला.

७ नोव्हेंबर, रविवार

फॉन टान्नेक पती-पत्नी येऊन गेले. स्वतःहून. माझ्या माहितीत कुठल्याही यहुदी घरात पाय ठेवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. यशाचं याहून स्पष्ट चिन्ह कोणतं?

क्लोटिल्डेनं व्यवस्था चोख ठेवली होती. पडदे बाजूला, भरपूर उजेड. कॉफी, केक, चांदीचे चमचे. ती करड्या पोशाखात, मी साध्या कोटात, बाहीवर अरुंद काळी पट्टी. दुःखाला शिस्त असावी.

दोघंही मात्र डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात आली होती. सरदार घराण्यांत पोशाखाचा अतिरेक असतो, आणि तो त्यांना खपून जातो.

बाई दारातून आत आल्या आणि आरशासमोर थबकल्या. स्वतःला पाहून चटकन मान वळवली. दिवाणखान्यात दुसऱ्या आरशाकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली. वय झालेल्या बायकांना आरशांचा राग येतोच. क्लोटिल्डेलाही तेच वाटलं.

न्यायाधीश म्हणाले, "तुमचे वडील तीस वर्षं आमच्या घरी यायचे. माझ्या वडिलांना त्यांनी एकदाही वाईट जनावर दिलं नाही."

म्हणजे पुलावर त्यांना सारं ठाऊक होतं. मी विषय बदलला.

ते पुन्हा तिथंच आले. "तुमच्यात सात दिवस बसतात ना? म्हणून वाटलं, आपण खाली बसला असाल. माझ्या वडिलांनी मला सांगून ठेवलं होतं, अशा घरी गेलं की आपण आधी बोलायचं नाही, घरच्यांनी बोलावं मग बोलायचं. मी दारात थांबलो होतो थोडा वेळ."

मी हसलो. "ते खेड्यापाड्यांतलं. आमच्याकडे नाही तसलं काही."

"बरं," न्यायाधीश म्हणाले. घड्याळानं चारचे ठोके दिले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग केककडे, मग आपल्या पत्नीकडे. केकला दोघांनीही हात लावला नाही. दहा मिनिटांत उठले.

सगळं फार नीट पार पडलं. बोलण्यासारखं काही उरलंच नाही, इतकं नीट.

१० नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा बाजार. येटे बाबांच्या गाई विकायला आली होती. गाई विकून झाल्यावर इथं आली, मागच्या दारानं, न सांगता. तिच्या जाकिटाची छाती फाटलेली, वरून, सगळ्यांना दिसेल अशी. ती याच अवस्थेत बाजारभर हिंडली असणार.

हातात एक ठेंगणं स्टूल. तीन पायांचं, दूध काढताना घेतात तसलं.

"काल उठले मी सात दिवसांची," म्हणाली. "आता तुझी पाळी. आईच्या वेळी बाबा यावरच बसले होते. आजोबाही यावरच."

"घरात वीस खुर्च्या आहेत, येटे."

"माहीत आहे. म्हणून तर आणलं."

क्लोटिल्डेनं तिला कॉफी विचारली. येटे म्हणाली, "नको वहिनी, तुमचे कप फार पातळ असतात, मला भीती वाटते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी पुलावरून घरी आले ना, तर बाबा सांगत होते, आरन भेटला, मोठ्या माणसाबरोबर होता, मी गाय पटकन बाजूला घेतली. खूश होते."

खूश होते हे ऐकून बरं वाटलं. त्यांना माझं स्थान कळलं होतं तर.

स्टूल लाकूडफाट्यात टाकायला सांगितलं. वाल्बुर्गानं ते दाराजवळच्या बोळात आरशासमोर ठेवलं आहे, बूट पुसायला. राहू दे.

१८ नोव्हेंबर

पिस्टर हार्मोनीतून बातम्या घेऊन आला. माझ्यावरून दोन तट पडले आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, ज्या माणसाला बापाचं दुःख नाही तो क्लबचा काय होणार? मेजर म्हणतो, दुःख केलं असतं तर खाली बसला असता, आणि जो खाली बसतो त्याला वरच्या मजल्यावर कशाला घ्यायचा?

"म्हणजे दोघंही विरुद्ध?" मी विचारलं.

"नाही हो. दोघांत कडाक्याचा वाद झाला."

वाद होतो आहे म्हणजे विचार होतो आहे.

कोटाचं अस्तर अजून तसंच आहे. शिंप्याकडे टाकायचं राहून जातं. हात खिशात घालायला गेलं की त्या फाटीतच जातो.

२३ नोव्हेंबर

न्यायाधीशांच्या आई परवा वारल्या. वय नव्वदीला टेकलं होतं. आज मी भेटीला गेलो.

जे पाहिलं ते जपून लिहितो.

नोकरानं दार उघडलं. बोळात अंधार. समोर आरसा, त्याच्यावर काळं कापड, वरपासून खालपर्यंत. दिवाणखान्यात दोन आरसे, दोन्ही झाकलेले. मोठं घड्याळ बंद. खिडकीच्या दोन झडपांत बोटभर फट, कुणाला तरी बाहेर जायला वाट ठेवावी तशी. बायका बूट काढून, मोज्यांवर चालत होत्या. भिंतीलगत एका बुटक्या बाकावर न्यायाधीश स्वतः, दाढी वाढलेली. मी वाकून हात दिला तेव्हा ते उठले नाहीत.

मला तिथं उभ्या उभ्या सगळं उमगलं.

फॉन टान्नेक. जुनं घराणं म्हणतात, पण किती जुनं? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणा यहुदी पूर्वजानं बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडून घेतलं असेल, नाव विकत घेतलं असेल. धर्म बदलता येतो; मयताच्या दिवशी मात्र हात आपोआप आरशाकडे जातो. यहुदी घरी कसं वागायचं हे त्यांच्या वडिलांना इतकं बारकाईनं ठाऊक होतं, ते उगाच? बाबांसमोर हॅट उचलणं, ते उगाच?

एवढी वर्षं मी ज्याच्यासारखा व्हायला धडपडतो आहे तो असा निघाला. हसू आलं. दाबलं. आणि खरं सांगायचं तर थोडा तिरस्कारही वाटला. मी माझ्या घरातून एका सकाळीत जे हाकललं, ते यांना चार पिढ्यांत जमलेलं नाही.

निघताना त्यांच्याजवळ वाकलो आणि हळूच म्हटलं, "निश्चिंत असा. मला समजलं आहे. आपलं गुपित माझ्याकडे सुरक्षित राहील."

"कसलं गुपित?"

मी आरशावरच्या कापडाकडे नुसतं पाहिलं.

त्यांनी नोकराला दाराकडे खूण केली. मग म्हणाले, "वकीलसाहेब, आपण घरी जा."

त्यांचा आवाज बसलेला होता. घाबरले असणार. माझं मत पक्कं झालं.

२५ नोव्हेंबर

क्लोटिल्डेला सांगावं का, याचा विचार केला. नाही सांगितलं. हुकमाचं पान हातात धरायचं असतं, दाखवायचं नसतं.

वाल्बुर्गाला तिच्या घरून निरोप आला, आजी गेली. दोन दिवसांची सुट्टी मागितली. तिच्या खोलीवरून जाताना दिसलं, हाताएवढ्या आरशावर तिनं रुमाल घातला आहे. येटेची शिकवण किती खोल गेली आहे बघा.

१२ डिसेंबर, रविवार

काल मतदान झालं. पिस्टर सकाळीच आला. खुर्चीच्या कडेवर बसला.

एकतीस काळ्या. एक पांढरी.

क्लोटिल्डे आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

पिस्टर म्हणाला, "गोळ्या टाकण्याआधी न्यायाधीश उठले होते. म्हणाले, सभासदहो, आम्ही किती पिढ्यांचे कॅथलिक आहोत हे कुणाला माहीत असेल तर मला सांगा, उमेदवारांना शंका आहे. सगळं दालन हसलं. मेजरला तर ठसका लागला. त्यांना त्या चादरींचाही किस्सा कळलाय, तुमच्या मोलकरणीचा. तुम्ही तिला यहुदी ठरवलंत म्हणे. अहो, आरसे कोण झाकत नाही? माझी आई मेली तेव्हा आम्हीही झाकले होते. आपल्या साऱ्या फ्रांकेन प्रांतात झाकतात."

"तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"म्हणजे काय!"

मी पिस्टरकडे नीट निरखून पाहिलं. नाक आहे खरं थोडं आमच्यासारखंच.

जाताना दारात माझा हात हातात घेऊन म्हणाला, "एक सांगू? ती पांढरी माझी होती."

१३ डिसेंबर

कोर्टाच्या पायऱ्यांवर मुख्याध्यापक भेटले. बाजूला घेऊन म्हणाले, पांढरी गोळी त्यांची. दुपारी नोटरी म्हणाला, त्याची. संध्याकाळी मेजरनं रस्ता ओलांडून येऊन खांद्यावर हात ठेवला. "मी सैनिक आहे, पाठीत वार करत नाही. पांढरी माझीच."

चार पांढऱ्या झाल्या. म्हणजे मोजणीत चूक झालेली आहे. फेरमोजणीची मागणी कायद्यानं करता येईल का, बघितलं पाहिजे. या लोकांना साध्या गोळ्याही मोजता येत नाहीत.

१४ डिसेंबर, मंगळवार

दुपारपासून बर्फमिश्रित पाऊस. पुलावरून घरी आलो. बाजार नव्हता, कुणी हाक मारली नाही.

बोळात बूट काढायला टेकायला हवं होतं, तर ते स्टूल समोर होतं. बसलो. ते इतकं ठेंगणं आहे की गुडघे छातीला लागतात. बूट काढले, ओले मोजे काढले. फरशी गार होती. हात उबेला कोटात घातला तो त्या अस्तराच्या फाटीत गेला, तिथंच राहू दिला.

उठायला गेलो तर उठवेना. पाठ धरली असावी. दमट हवेत धरते.

वाल्बुर्गा गावाहून परतली त्याला दोन आठवडे झाले, तरी अंगावर सगळं काळं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मी आधी बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं हिलाही कुणी शिकवलं कोण जाणे. शेवटी मीच विचारलं, "आजी कशी होती तुझी?"

"वात्रट होती, साहेब," ती म्हणाली. "मरताना म्हणाली, माझी शेळी दुबळी दिसली तरी विकू नका, दूध चांगलं देते."

"गाई बारीक नसतात," मी म्हटलं. "गवत बारीक असतं."

तिला काय कळणार? पण तिनं मान हलवली. मग विचारलं, "आरसा झाकू का?"

मी समोर बघितलं. या स्टुलावर बसलं की माणूस आरशाच्या कडेच्या खाली जातो. आरशात नुसती भिंत दिसत होती आणि खुंटीवरची माझी उंच हॅट. म्हटलं, गरज नाही.

ती आत गेली आणि बशीतून एक उकडलेलं अंडं घेऊन आली. मी मागितलं नव्हतं. भूक नव्हती, तरी खाल्लं.

क्लोटिल्डेनं दिवाणखान्यातून विचारलं, "अर्नोल्ड, इतका वेळ काय करतोयस तिथं?"

"बूट काढतोय."

बूट कधीचे भिंतीशी ठेवलेले होते.

हे सगळं वही गुडघ्यांवर टेकवून तिथंच लिहितो आहे. उद्या कोर्टात निरोप पाठवावा लागेल. पाठीचं दुखणं दोन-चार दिवसांत जाणारं दिसत नाही. आठवडा तरी घेईल.